झाकल्या पानांची भाषा

पत्त्यांच्या ज्या खेळांत प्रत्येकाची पाने इतरांपासून झाकलेली असतात आणि त्या झाकलेल्या पानांवर पैसा लागतो, त्या खेळांत हातात काही नसताना भरपूर असल्यासारखे खेळण्याला पोकर खेळणारे ‘ब्लफ’ म्हणतात. पोकरचे टेबल कधी न पाहिलेल्या मराठी माणसाच्या तोंडीही हा शब्द आता रुळला आहे, आणि तो बहुधा ‘ब्लफ मारतोय’ असा येतो. थाप मारणे, बाता मारणे या जुन्या जोड्यांच्या साच्यातच तो बसवलेला असल्याने साहजिकच ब्लफ म्हणजे थाप असा अर्थ रूढ झाला आहे. खेळाच्या दृष्टीने मात्र दोहोंत मोठा फरक आहे. थाप तोंडाने मारली जाते आणि ती मारायला दमडीही पडत नाही. ब्लफ करणाऱ्याने आपल्या खोट्या दाव्यावर स्वतःचा पैसा मांडलेला असतो आणि दावा उघडा पडला की तो पैसा जातो. कबड्डीत चढाई करणारा एका बाजूला झेपावल्याचे दाखवून दुसरीकडे हात टाकतो त्याला मराठीत हूल देणे म्हणतात, आणि तिथेही फसवणारा आपले अंग व आपला तोल पणाला लावतो. पोकरचा ब्लफ अर्थाने थापेच्या नव्हे, हुलीच्या कुळातला आहे. पत्त्यांच्या बैठकीतली बोली रोजच्या भाषेत कशी उतरते आणि उतरताना तिच्यातले काय गळून पडते, हे पाहण्यासाठी लास व्हेगासला जाण्याची गरज नाही. नंदुरबार जिल्हा त्यासाठी पुरेसा आहे.

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव या सहा तालुक्यांचा हा जिल्हा झाला. एका अंगाला गुजरात व दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश असल्याने अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजरी, गुजराती, हिंदी आणि प्रमाण मराठी यांची इथे सतत देवघेव चालते. खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, गौराईची गाणी होतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांसाठी घागर भरली जाते आणि आमरस-पुरणपोळीची पंगत बसते. शेतीचे वर्षही याच दिवशी पालटते, म्हणजे सालदाराचा, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुराचा, करार आखाजीला संपतो व नवा ठरतो. बाया झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर अशी या सणाची विभागणी खान्देशात पूर्वापार चालत आली आहे. खळी रिकामी झालेली आणि पेरणीला अजून अवकाश असलेला, असा हा काळ असतो. एरवी पत्त्याला हात न लावणारा गृहस्थही त्या दिवसांत पारावर, ओट्यावर किंवा मळ्यातल्या झाडाखाली बैठक घालून बसतो, आणि एरवी ज्याला ‘पत्ते कुटणे’ असे तुच्छतेने म्हटले जाते तेच काम सणापुरते क्षम्य ठरते.

या बैठकीत दोन जातींचे खेळ चालतात आणि त्यांची भाषाही दोन जातींची आहे. पहिली जात हात करण्याच्या खेळांची. मेंढीकोट, लाडीस, तीनशे चार, पाच-तीन-दोन हे त्यातले घरोघरी माहीत असलेले खेळ. त्यांत एकाने उतारी करायची, म्हणजे पहिले पान टाकायचे, इतरांनी त्याच रंगाचे पान द्यायचे, आणि तो रंग हातात नसेल तर हुकमाने कापायचे. हुकूम म्हणजे त्या डावापुरता वरचढ ठरवलेला रंग. मेंढीकोटात दश्श्यांना मेंढ्या म्हणतात, चारही मेंढ्या एका बाजूने ओढल्या की समोरच्यावर कोट होतो, आणि हा खेळ गुजरातेतही तितकाच लोकप्रिय असल्याने सीमेवरच्या गावांत तो दोन्ही भाषांत खेळला जातो. त्याच्या ‘बंद हुकूम’ या प्रकारात हुकमाचे पान उपडे ठेवलेले असते आणि कोणाला तरी मागितलेला रंग देता येईनासा झाला की ते उघडले जाते. तोवर तो रंग पान ठेवणाऱ्या एकट्यालाच ठाऊक असतो आणि बाकीचे त्याच्या खेळावरून अंदाज बांधत असतात.

दुसरी जात बोलीच्या, म्हणजे पैसा वाढवत नेण्याच्या खेळांची. त्यांत तीन पत्ती हा राजा. जुन्या पिढीत त्याला फ्लश म्हणत. खान्देशातल्या वर्तमानपत्रांत पोलिसांच्या छाप्याची बातमी वाचणाऱ्यांना ‘झन्ना मन्ना नावाचा जुगार’ हे शब्दही परिचयाचे आहेत, पण फसवणुकीची कला म्हणून पाहिले तर तीन पत्तीपुढे बाकीचे जुगार फिके आहेत. खेळ सोपा आहे. प्रत्येक जण सुरुवातीला ठरलेली रक्कम मध्ये टाकतो, तिला बूट म्हणतात. प्रत्येकाला तीन पाने उपडी वाटली जातात. पाने न उचलता पैसा लावणारा ‘ब्लाइंड’ खेळतो, पाहून लावणारा ‘सीन’ होतो. पैसा लावणे म्हणजे चाल. पाने टाकून डावातून उठणे म्हणजे पॅक होणे. शेवटी दोघेच उरले की त्यांपैकी एक जण ठरलेली रक्कम भरून शो मागू शकतो, म्हणजे पाने उघड करायला लावू शकतो. तिघे किंवा अधिक उरले असताना पाने पाहिलेला खेळाडू आपल्या आधी चाल करणाऱ्या, पाने पाहिलेल्याच खेळाडूला गुपचूप पाने ताडून पाहण्याची मागणी करतो तो साइड शो. ब्लाइंड खेळणाऱ्याकडे साइड शो मागता येत नाही, आणि कळीचा नियम असा की पाने पाहिलेल्याला ब्लाइंडवाल्याच्या दुप्पट पैसे भरावे लागतात. गावोगाव बारीकसारीक नियम बदलतात, हा दुपटीचा नियम सहसा बदलत नाही.

तीन पत्तीत हूल देण्याला इतका वाव का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. 52 पानांतून तीन पाने 22,100 प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी 52 प्रकारांत तिन्ही पाने एकसारखी येतात, त्याला ट्रेल म्हणतात. 48 प्रकारांत एकाच रंगाची ओळीने तीन पाने येतात, 720 प्रकारांत वेगवेगळ्या रंगांची ओळ लागते, 1,096 प्रकारांत नुसता रंग जमतो, 3,744 प्रकारांत जोडी लागते, आणि उरलेल्या 16,440 प्रकारांत हातात सांगण्यासारखे काहीच नसते. (एका रंगाची ओळ ट्रेलपेक्षाही दुर्मीळ असताना ट्रेलला वरचा मान आहे, म्हणजे हा क्रम गणित्याने लावलेला नाही.) सरळ हिशेबाने शंभरांतल्या 74 डावांत खेळाडूच्या हाती दुर्री-तिर्रीच असते. प्रत्येकाने आपल्या पानांप्रमाणे प्रामाणिकपणे खेळायचे ठरवले, तर चार डावांपैकी तिनांत तो पॅक होईल, उरलेल्या डावात त्याने चाल केली की सगळे समजून जातील आणि त्याला बुटापलीकडे काही मिळणार नाही. ज्याच्याकडे चांगली पाने असतात त्यालाही कमाई व्हायची असेल, तर त्याने अधूनमधून वाईट पानांवर चाल करायलाच हवी. हूल ही खेळाच्या गणिताचीच मागणी आहे.

एक डाव जवळून पाहण्यासारखा आहे. पाच जण बसले आहेत आणि बूट दहा रुपये आहे, म्हणून मध्ये पन्नास रुपये जमले आहेत. पहिला ब्लाइंड दहा रुपये लावतो, दुसरा ब्लाइंडच वीस करतो. तिसरा पाने उचलतो. आता त्याला खेळायचे तर किमान चाळीस मोजावे लागतील, हातात राणी, सत्ती आणि चव्वी आहे, तो पॅक होतो. चौथ्याने उचललेल्या पानांत सत्तीची जोडी आहे, तो चाळीस रुपयांची चाल करतो. पाचवा पॅक होतो. पहिला अजून पानांना हात लावत नाही आणि ब्लाइंडच चाळीस टाकतो, तेव्हा दुसऱ्याचा धीर सुटतो, तोही पाने पाहून पॅक होतो. आता मध्ये 160 रुपये आहेत. चौथ्यापुढे प्रश्न असा आहे की किमान 80 रुपये भरून शो मागायचा की जोडी टाकून द्यायची. न पाहिलेल्या कोणत्याही तीन पानांवर सत्तीची जोडी दहापैकी जवळजवळ आठ वेळा भारी पडते, म्हणून शो मागणे हेच शहाणपणाचे. तरीही बैठकीत अनेकदा उलट घडते. शो मागितला तर चौथ्याचे एकूण 130 रुपये अडकणार, समोरच्याचे अवघे 60 अडकलेले. शिवाय समोरचा निवांत तंबाखू मळतो आहे आणि पाने तशीच उपडी पडली आहेत. चांगली जोडी टाकून दिली जाते ती समोरच्याच्या पानांना भिऊन नव्हे, त्याच्या बेफिकिरीला भिऊन.

ब्लाइंडची ही गंमत पोकरमध्ये नाही. पोकरमध्येही ब्लाइंड हा शब्द आहे, पण तिथे तो डाव सुरू होण्यापूर्वी दोघांनी सक्तीने टाकायच्या रकमेचा आहे. पोकरमध्ये ब्लफ करणाऱ्याला आपली पाने ठाऊक असतात आणि ती लपवायची असतात. म्हणून त्याचा चेहरा, त्याच्या हाताचा कंप, त्याचा श्वास यांवरून त्याला पकडण्याचा प्रयत्न होतो. अशा नकळत फुटणाऱ्या खुणेला तिथे ‘टेल’ म्हणतात, आणि ती फुटू न देणारा चेहरा म्हणजे ‘पोकर फेस’. मराठीत त्याला मख्ख चेहरा हा नेमका शब्द आहे. तीन पत्तीतला ब्लाइंड खेळाडू मात्र चेहऱ्यावरून पकडला जाऊच शकत नाही, कारण जे लपवायचे ते त्यालाच माहीत नसते. त्याचे अज्ञान हेच त्याचे चिलखत असते आणि वर त्या अज्ञानाला निम्म्या दराची सवलतही मिळते. रोजच्या मराठी बोलण्यात ‘ब्लाइंड खेळलो’ हे वाक्य परीक्षेत पर्यायांवर अंदाजाने खुणा करणाऱ्या विद्यार्थ्यापासून न पाहता जागा घेणाऱ्या माणसापर्यंत सगळे वापरतात. तो शब्द आपल्याकडे पोकरमधून आलेला नाही, तो तीन पत्तीचा आहे.

दोन्ही खेळांची मुळे मात्र एकमेकांपासून फार लांब नाहीत. तीन पानांचा ‘ब्रॅग’ नावाचा जुना इंग्रजी खेळ तीन पत्तीचा पूर्वज मानला जातो. त्याच्या नावाचा अर्थच बढाई असा आहे, आणि खेळांच्या नियमांवर लिहिणाऱ्या एडमंड हॉइलने 1751 मध्ये त्यावर छोटी पुस्तिका काढली होती. पोकर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात आणि मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींत वाढला. सुरुवातीच्या काळात त्या खेळालाच ‘ब्लफ’ म्हणत. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या ‘टेक्सस होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि पाच पाने टेबलावर सर्वांसाठी टप्प्याटप्प्याने उघडली जातात, आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. डाव सोडणे म्हणजे फोल्ड, लागलेल्या पैशाइतका पैसा भरणे म्हणजे कॉल, तो वाढवणे म्हणजे रेज, आणि होते नव्हते ते सगळे पुढे ढकलणे म्हणजे ऑल इन.

पोकरमधली सर्वांत गाजलेली हूल 2003 सालच्या लास व्हेगासमधील जागतिक स्पर्धेत दिली गेली. अंतिम लढतीत ख्रिस मनीमेकर या टेनेसीच्या हिशेबनिसासमोर सॅमी फरहा हा मुरलेला व्यावसायिक खेळाडू होता. चार पाने उघडली तेव्हा मनीमेकरच्या हातात इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती होती. टेबलावर तीन इस्पिके दिसत होती, म्हणजे आणखी एक इस्पिक आले तर त्याचा रंग पूर्ण होणार होता, आणि ओळ लागण्याचीही आशा होती. या आशेवर त्याने पैसा वाढवला. हातात अजून काही नाही, पण पुढचे पान मदतीला धावू शकते, अशा स्थितीतल्या चालीला पोकरच्या परिभाषेत ‘सेमी-ब्लफ’ म्हणतात. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली, ही म्हण ज्याने रचली त्याला हा डाव समजावून सांगावा लागला नसता. शेवटचे पान बदामची तिर्री निघाले आणि पुंगी वाजली नाही. आता मनीमेकरकडे नुसता राजा उरला होता, तर फरहाच्या हातात नव्व्यांची जोडी होती. मनीमेकरने आपले सगळे पैसे पुढे ढकलले आणि तो मख्ख बसून राहिला. बराच विचार करून फरहाने जिंकणारी जोडी टाकून दिली. पुढे मनीमेकर 25 लाख डॉलरचे पहिले बक्षीस घेऊन गेला. तो स्पर्धेत शिरला होता तो इंटरनेटवरच्या एका स्वस्त पात्रता फेरीतून, आणि त्यामुळे जगभरच्या हौशी लोकांना पोकरचे वेड लागले.

हूल किती वेळा द्यावी यालाही हिशेब आहे, आणि तो मांडला हंगेरीत जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने. त्याने ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञासह 1944 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात पोकरचे एक सोपे केलेले रूप घेऊन दाखवले की ब्लफ हा स्वभावाचा भाग नाही, तो उत्तम खेळाचा अटळ घटक आहे. त्याचा आशय साध्या रुपयांत सांगता येतो. मध्ये 100 रुपये आहेत आणि एका खेळाडूने आणखी 100 लावले. समोरच्याला पाने पाहायची तर 100 भरावे लागतील आणि जिंकला तर 200 मिळतील. चाल करणारा तीन वेळांपैकी एकदा हूल देत असेल आणि दोनदा खरा असेल, तर पाहणाऱ्याचा एकदा 200 चा फायदा आणि दोनदा शंभर-शंभरचा तोटा होऊन हिशेब बरोबरीत सुटतो, म्हणजे त्याने पाहिले काय किंवा न पाहिले काय, फरक पडत नाही. हूल याहून जास्त दिली तर समोरचा प्रत्येक वेळी पाहू लागेल, आणि कमी दिली तर तो कधीच पाहणार नाही. रक्कम लहान लावली तर हुलीचे प्रमाणही कमी ठेवावे लागते. मधल्या पैशाच्या निम्मी रक्कम लावणाऱ्याने चारांपैकी एकदाच हूल द्यावी. हे आकडे पारावर कोणी मांडत नाही, पण तीस-चाळीस आखाज्या पाहिलेला खेळाडू त्यांच्या आसपासच खेळतो, आणि नवख्याची चूक नेमकी उलटी असते: तो सारख्या हुली देतो किंवा कधीच देत नाही.

रोजच्या भाषेकडे वळले की एक विषमता लगेच दिसते. मराठीने पत्त्यांकडून जे भरघोस घेतले आहे ते बहुतेक हात करण्याच्या खेळांतले आहे. हुकमी एक्का, हुकमाचे पान, पत्ते पिसणे, पत्ते उघड करणे, हातातली पाने संपणे, दुर्री-तिर्री माणसे, झब्बू देणे हे शब्द राजकीय अग्रलेखांत इतके मुरले आहेत की त्यांच्यामागचे पत्ते कोणाला आठवतही नाहीत. उमेदवारी हुकली की ‘पत्ता कट’ झाल्याचा मथळा येतो. हाही कापण्याच्याच कुळातला दिसतो. डाव टाकणे, डाव साधणे, डाव उलटणे, बाजी मारणे, पणाला लावणे ही घराणी पत्त्यांपेक्षा जुनी, सोंगट्या, फासे आणि आखाडा यांच्याकडून आलेली. बोलीच्या खेळांतून आलेले शब्द संख्येने थोडे, वयाने लहान आणि अजून बोलण्यापुरतेच आहेत. ब्लाइंड खेळणे, शो मागणे, पॅक होणे हे शब्द कट्ट्यावर चालतात, अग्रलेखात येत नाहीत. कारण उघड आहे: मेंढीकोट घरात आजी-नातवंडांसह खेळला जाई आणि तीन पत्ती घराबाहेर, त्यामुळे पहिल्याची भाषा सोवळी ठरली आणि दुसरीच्या भाषेला उंबरठा ओलांडायला वेळ लागला.

पोकर स्वतः महाराष्ट्रात पोचण्यापूर्वी त्याचे काही शब्द मात्र इंग्रजी छापखान्यातून मराठीत येऊन बसले, आणि ते कुठून आले याची कोणी विचारपूस केली नाही. शेअर बाजाराच्या पानावरचा ‘ब्लू चिप’ हा पोकरच्या सर्वांत किमती निळ्या चकतीवरून आला. ‘जॅकपॉट’ हा पोकरच्या ज्या प्रकारात निदान गुलामांची जोडी हाती असल्याशिवाय बोली सुरू करता येत नसे, त्या प्रकारातला गल्ला. याउलट ‘ऑल इन’ आणि ‘पोकर फेस’ हे नव्या पिढीने खेळासकट उचललेले शब्द आहेत.

हूल आणि थाप यांतला फरक मराठीने पूर्वी किती बारकाईने जपला होता हे म्हणींवरून कळते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण शो न मागितल्या गेलेल्या डावाचे मोल सांगते. मूठ उघडली की सव्वा लाख संपले. उसने अवसान आणणे यात हातात काही नसल्याची जाणीव आहे, आव आणणे यात दिखाव्याची, पुड्या सोडणे यात नुसत्या तोंडाच्या वाफेची. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार तर सरळ हुलीचाच आहे. शायिस्ताखानावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पाठलाग करणाऱ्या फौजेला कात्रजच्या दिशेने वळवल्याची जी कथा परंपरेने सांगितली जाते, तिच्यावरून तो रूढ झाला. या सगळ्या छटांच्या जागी सरसकट ‘ब्लफ मारणे’ येऊ लागले आहे, आणि त्यात तोटा मराठीचाच आहे. कारण फुकट बोलणारा आणि किंमत मोजून फसवणारा या दोघांना एकाच मापाने मोजले जाते. पगारवाढीसाठी दुसऱ्या नोकरीचे पत्र हातात नसताना राजीनामा टेबलावर ठेवणारा माणूस हूल देत असतो, कारण राजीनामा स्वीकारला गेला तर नोकरी जाते. आपली मंत्रालयात ओळख आहे असे चहाच्या टपरीवर सांगणारा नुसती थाप मारत असतो.

झाकलेल्या माहितीवर चालणारा व्यवहार नंदुरबार जिल्ह्यात पत्त्यांपुरताच नाही. शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. गुराढोरांच्या बाजारांत सौदा उपरण्याखाली किंवा रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून करण्याची जुनी रीत महाराष्ट्रात आहे. बोटांच्या खुणांनी भाव सांगितला जातो, भोवतालच्या गर्दीला आकडा कळत नाही, आणि देणारा-घेणारा दोघेही वर मख्ख चेहऱ्याने आभाळाकडे पाहत असतात. ‘इथून उठतो’ असे म्हणून दलाल खरोखर चार पावले चालू लागतो ती हूलच असते, कारण कोणी हाक मारली नाही तर जनावर हातचे जाते.

कायद्याने या खेळांकडे कसे पाहिले हा भाग भाषेशी जोडलेला आहे, कारण बंदीमुळेच ही बोली चोरट्या वाटेने वाढली. मुंबई प्रांताचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा आहे. 1960 मध्ये द्वैभाषिक राज्य फुटल्यावर तो दोन्ही राज्यांकडे वारशाने आला. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, त्यामुळे एकाच फलाटावर दोन राज्ये लागतात, पण जुगारापुरता मूळ कायदा एकच. कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, आणि कौशल्याचा खेळ कोणता हा वाद न्यायालयांत चालत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात नोव्हेंबर 1967 मध्ये रमीला कौशल्यप्रधान ठरवले, कारण तिच्यात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात व कोणते पान ठेवायचे, कोणते टाकायचे याचा विचार करावा लागतो; आणि त्याच निकालात फ्लश, ब्रॅग अशा नावांनी ओळखला जाणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचे म्हटले. पाने वाटण्यापुरते हे बरोबर आहे. पण तीन पत्तीतला बराचसा खेळ पाने वाटून झाल्यावर सुरू होतो, आणि त्या भागाकडे पाहिले असते तर ‘निव्वळ’ हा शब्द वापरणे अवघड गेले असते. पोकरबाबत तर राज्याराज्यांत मतभेद आहेत: पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्याने त्याला जुगारातून वगळले, नागालँडने 2016 मध्ये केलेल्या कायद्यात त्याला कौशल्याच्या खेळांत धरले, गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये तो जुगारच असल्याचा निर्णय दिला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला.

मोबाइलवरच्या खेळांनी गेल्या काही वर्षांत आणखी एक बदल केला आहे. तिथे बूट, चाल, साइड शो, पॅक हे शब्द पडद्यावरच्या बटणांवर छापलेले येतात, सगळीकडे एकसारखे येतात, आणि धडगावचा मुलगाही तेच शब्द वापरतो जे पुण्याचा वापरतो. समोरच्याचा चेहरा दिसत नसल्याने हूल ओळखण्याची ती जुनी विद्या आणि तिची बोलीही तिथे निरुपयोगी ठरते. अहिराणी, भिली, पावरी आणि मावची बोलींचे शब्दसंग्रह करणाऱ्या अभ्यासकांनी शेतीची अवजारे, सण आणि नातीगोती यांचे शब्द आवडीने नोंदवले आहेत. येत्या आखाजीला त्यांनी पारावरच्या बैठकीतही वही घेऊन बसावे आणि हूल देणाऱ्याला, पॅक होणाऱ्याला, शो मागणाऱ्याला तिथले म्हातारे खेळाडू आपल्या बोलीत काय म्हणतात ते लिहून घ्यावे.